कार्ड आहे, पण यादीत नाव नाही? मतदारांना पक्षाविना मदत करणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात?

नाशिक महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. त्याआधीचं मतदान होतं २१ फेब्रुवारी २०१७ चं. मधे जवळपास नऊ वर्षं गेली आणि त्यातही मार्च २०२२ पासून महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०१७ मध्ये १७ वर्षांचा असल्यामुळे ज्याला मतदान करता आलं नाही, त्याला नगरसेवकासाठी पहिलं मत देण्याची संधी थेट पंचविशीत मिळाली.

पण ही संधीही सगळ्यांना मिळाली नाही. या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची मतदार यादी वापरली. निवडणूक जाहीर झाली १५ डिसेंबरला. म्हणजे घोषणा ऐकून ज्यांनी ‘चला, आता नाव नोंदवूया’ असं ठरवलं, त्यांच्यासाठी दार साडेपाच महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं.

‘मतदान करा’ असं सांगणारे रील्स, रॅली आणि रांगोळ्या मतदानाच्या आठवड्यात दिसतात. मतदाराला मदत करण्याचं खरं काम मात्र त्याच्या कित्येक महिने आधी, कॅमेरा नसताना करावं लागतं. हे काम कुठल्याही पक्षासाठी न करणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात, त्यांना काय करता येतं, काय करता येत नाही आणि तुम्हाला स्वतःला हे काम करायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, हे समजून घेऊया.

आधी यादी, मग मत

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणजे मतदान करता येईल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मत देण्याचा अधिकार कार्डामुळे मिळत नाही, यादीतल्या नावामुळे मिळतो. कार्ड फक्त ‘यादीतली ती व्यक्ती मीच’ एवढंच सिद्ध करतं. कार्ड घरी राहिलं तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड अशा पर्यायी ओळखपत्रांवर मतदान करता येतं. पण यादीत नाव नसेल तर यातलं काहीच चालत नाही.

हे आजचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात सुमारे १७.३ कोटी मतदार होते. यादी तयार करताना कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख दिली. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख महिलांची नावं यादीबाहेर राहिली. त्या महिलांना मताचा अधिकार राज्यघटनेने दिलेला होता. अडलं ते एका रकान्यापाशी.

स्वयंसेवकांचं काम या रकान्यापासून सुरू होतं.

बीएलओ, बीएलए आणि स्वयंसेवक : फरक काय?

नोंदणीच्या कामात तीन वेगवेगळी माणसं तुमच्या दारात येऊ शकतात.

पहिला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. हा सरकारी किंवा निमसरकारी कर्मचारी असतो. बऱ्याचदा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी. आपल्या मतदान केंद्राच्या हद्दीतल्या अर्जांची प्रत्यक्ष पडताळणी करणं हे त्याचं काम. अर्जावर निर्णय मात्र मतदार नोंदणी अधिकारी घेतो.

दुसरा बीएलए. हा राजकीय पक्षाने नेमलेला मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी. तो पक्षाचा माणूस आहे हे उघड असतं आणि त्यात गैर काहीच नाही. सर्वसाधारण नियमानुसार तो बीएलओकडे एका वेळी १० पर्यंत अर्ज देऊ शकतो, पण ‘ही माहिती मी तपासली आहे’ असं लिहून द्यावं लागतं.

तिसरा पक्षनिरपेक्ष स्वयंसेवक. त्याच्याकडे कुठलाही अधिकार नसतो. तो कॉलेजच्या एनएसएसचा विद्यार्थी असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल, ज्येष्ठ नागरिक संघाचा सदस्य असेल किंवा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. तो अर्ज मंजूर करू शकत नाही आणि गठ्ठ्याने अर्ज नेऊन देऊही शकत नाही, कारण व्यक्ती किंवा संस्थांकडून आलेले एकगठ्ठा अर्ज स्वीकारले जात नाहीत. स्वतःचा किंवा घरातल्यांचा अर्ज प्रत्येकाने स्वतःच द्यायचा असतो.

मग तो करतो काय? नाव शोधून देतो, योग्य फॉर्म कोणता ते सांगतो, कागद जुळवायला मदत करतो आणि अर्जाचं पुढे काय झालं ते बघायची आठवण करून देतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण बहुतेक लोकांचं घोडं अडतं ते याच चार ठिकाणी.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत नाव नोंदवण्याची जबाबदारी मुख्यतः नागरिकावर असते. त्यामुळे तिथे स्वयंसेवकांच्या नोंदणी मोहिमांची मोठी परंपरा आहे. ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संस्था १९२० पासून हे काम करते. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय नागरिकांची नोंदणी व्हावी म्हणून शेकडो विद्यार्थी स्वयंसेवक गेले. त्या मोहिमेत तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. यादीत नाव येणं ही किती मोठी गोष्ट असते, हे त्यावरून कळतं.

भारतात यादी तयार करणं ही निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे. त्यामुळे इथे स्वयंसेवक आयोगाच्या कामाला पूरक म्हणून उभे राहतात. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये फोटो असलेलं ओळखपत्र आलं. १९९९ मध्ये मुंबईत ‘अग्नी’ ही नागरिकांची चळवळ सुरू झाली, तर त्याच वर्षी अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी ‘एडीआर’ ही संस्था स्थापन केली. एडीआरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या निकालानंतर उमेदवाराचं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती मतदाराला मिळू लागली. २००८ मध्ये ‘जनाग्रह’ आणि टाटा टी यांच्या ‘जागो रे’ मोहिमेने तरुणांच्या नोंदणीचा विषय टीव्हीवर आणला.

निवडणूक आयोगाने स्वतः २००९ मध्ये मतदार जागृतीचा ‘स्वीप’ कार्यक्रम सुरू केला. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस झाला, कारण आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची. २०१८ पासून शाळा-कॉलेजांमध्ये मतदार साक्षरता मंडळं सुरू झाली. नाशिकसह प्रत्येक जिल्ह्यात स्वीपचं काम जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी यांच्या देखरेखीखाली चालतं. कॉलेजातला एनएसएसचा गट किंवा एखादी संस्था या व्यवस्थेशी जोडून घेऊन काम करू शकते.

यात एक रेषा लक्षात ठेवायला हवी. २००७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी एकत्र येऊन अडॉल्फ डिसोझा यांना आपला उमेदवार म्हणून उभं केलं आणि ते निवडूनही आले. लोकशाहीत हे पूर्णपणे योग्य आहे. पण नागरिकांचा गट स्वतःचा उमेदवार देतो त्या क्षणी तो ‘पक्षाविना’ असला तरी ‘निरपेक्ष’ राहत नाही. नोंदणीला मदत करणाऱ्यांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

नाशिकमध्ये नेमकी कोणाला मदत लागते?

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेले आहेत : नाशिक, दिंडोरी आणि धुळे. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे जिल्ह्याने नाशिकचे, पण लोकसभेला धुळ्यात. म्हणजे ‘मी नाशिकचा’ एवढं सांगून आपला मतदारसंघ कळत नाही. त्यात शिक्षण, नोकरी, लग्न आणि शेतीची हंगामी कामं यांमुळे माणसं सतत जागा बदलत असतात. मदतीची गरज प्रामुख्याने यांना लागते :

हॉस्टेल आणि पीजीतले विद्यार्थी. समजा, सुरगाण्याची एक विद्यार्थिनी कॉलेज रोडला शिकायला आहे. तिचं गाव कळवण विधानसभा मतदारसंघात येतं. तिने नाव कुठे नोंदवायचं? आयोगाच्या नियमांनुसार विद्यार्थ्याला दोन पर्याय आहेत : आईवडिलांच्या घरी किंवा शिक्षणासाठी राहतो त्या ठिकाणी. दुसरा पर्याय घ्यायचा तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा आणि संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र लागतं. निवड तिची. पण दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

भाड्याने राहणारे कामगार. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे अनेक जण भाड्याच्या खोलीत राहतात. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. तोही नसेल तर अर्ज करताच येत नाही असं नाही. अशा वेळी बीएलओने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायची असते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण अर्जच करत नाहीत.

लग्नानंतर गाव बदललेल्या महिला. माहेरी येवल्यात नाव, सासर नाशिकरोडला. नवा फॉर्म भरायचा की जुनं नाव हलवायचं, हा प्रश्न त्यांना नेहमी पडतो. त्याचं उत्तर पुढे आहे.

स्थलांतरित मजूर. पेठ, सुरगाणा भागातून द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे येणारी कुटुंबं काही महिने घराबाहेर असतात. हंगामापुरतं बाहेर असणं म्हणजे घर सोडणं नव्हे. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे माणूस गावचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ राहत नाही, असं कायदा मानत नाही. पण बीएलओ पडताळणीला आला आणि घराला कुलूप दिसलं तर ‘स्थलांतरित’ अशी नोंद होण्याचा धोका असतो. गावातल्या स्वयंसेवकाने वेळेत सांगितलं तर तो टळू शकतो.

बेघर नागरिक. गोदाघाटावर किंवा पुलाखाली झोपणाऱ्या माणसालाही मताचा अधिकार आहे. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागता येत नाही. त्याने सांगितलेल्या ठिकाणी तो खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन, एकापेक्षा जास्त वेळा पाहायचं असतं.

कोणत्या कामासाठी कोणता फॉर्म?

इथे चूक झाली की पुढची अनेक वर्षं निस्तरावी लागते.

- फॉर्म ६ : पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी. ज्याचं नाव देशात कुठेच नाही, त्यानेच हा भरायचा.
- फॉर्म ६अ : परदेशात राहणाऱ्या आणि भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांसाठी.
- फॉर्म ६ब : आधार क्रमांक देण्यासाठी. हे ऐच्छिक आहे. आधार दिला नाही म्हणून नाव नाकारता येत नाही.
- फॉर्म ७ : एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी किंवा नाव वगळण्यासाठी, उदाहरणार्थ घरातली व्यक्ती वारली असेल तर.
- फॉर्म ८ : पत्ता बदलणं, नाव-वय-फोटोतली दुरुस्ती, कार्ड हरवलं किंवा खराब झालं तर नवं मागणं आणि दिव्यांग अशी नोंद करणं, या सगळ्यांसाठी.

येवल्याहून नाशिकरोडला आलेल्या महिलेने फॉर्म ८ भरायचा, फॉर्म ६ नाही. पंचवटीतून सिडकोत राहायला गेलेल्या कुटुंबाचंही तेच. पंचवटी नाशिक पूर्व मतदारसंघात आहे आणि सिडको नाशिक पश्चिममध्ये, म्हणजे शहर तेच असलं तरी मतदारसंघ बदलतो. फॉर्म ८ भरला की जुन्या जागेवरचं नाव निघतं आणि नव्या जागी येतं. ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो.

फॉर्म ६ पुन्हा भरला तर काय होतं? दोन ठिकाणी नाव लागतं. एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदणीला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मनाई आहे आणि अर्जात खोटी माहिती देणं हा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशा शिक्षेचा गुन्हा आहे. ‘माझं नाव दुसरीकडे कुठेही नाही’ असं लिहून खाली सही करणारा नागरिक असतो. घाईत चुकीचा फॉर्म पुढे करणारा स्वयंसेवक तोवर निघून गेलेला असतो.

महाराष्ट्रात २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांआधी दुबार नावांवरून मोठा वाद झाला. राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले आणि अशा मतदारांकडून ‘मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही आणि करणार नाही’ असं हमीपत्र घेण्याची व्यवस्था केली. वादाचं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट स्पष्ट आहे : फॉर्म ८ च्या जागी भरलेला प्रत्येक फॉर्म ६ या गोंधळात भर घालतो. म्हणूनच ‘आमच्या शिबिरात इतके फॉर्म भरले’ हा आकडा यशाचं माप नाही. ‘आधी नाव शोधलं, मग फॉर्म ठरवला’ ही पद्धत हेच माप.

तारखा का महत्त्वाच्या?

पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण असणं ही एकच अट होती. २ जानेवारीला वाढदिवस असलेल्याला जवळपास वर्षभर थांबावं लागायचं. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि २०२२ पासून चार अर्हता दिनांक झाले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. १८ पूर्ण झाल्यावर पुढच्या तिमाहीत त्यावर निर्णय होतो. म्हणजे बारावीच्या वर्गात नोंदणी शिबिर घेणं व्यर्थ नाही, उलट तीच योग्य वेळ आहे.

लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही. पडताळणी आणि हरकतींना वेळ लागत असल्याने त्याच्या साधारण १० दिवस आधी अर्ज पोहोचावा लागतो. २०२४ च्या विधानसभेचं उदाहरण घ्या. निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर आणि नाव नोंदवण्यासाठी मुदत होती १९ ऑक्टोबरपर्यंत. घोषणेनंतर हातात राहिले चार दिवस.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या निवडणुका वेगळा आयोग घेतो : महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग. हा आयोग स्वतःची नवी यादी बनवत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी ठरावीक तारखेला घेतो आणि प्रभागांनुसार तिचे भाग पाडतो. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते, पण ती ‘माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलं’ अशा स्वरूपाची. नवं नाव त्या टप्प्यावर घातलं जात नाही.

स्वयंसेवकाने काय करू नये?

पक्षनिरपेक्षता म्हणजे टी-शर्टवर चिन्ह नसणं एवढंच नाही. ती छोट्या छोट्या सवयींत दिसते.

ओटीपी आणि फोन मतदाराच्याच हातात राहू द्या. ऑनलाइन अर्ज करताना स्वतःच्या मोबाइल नंबरवर दहा लोकांचे अर्ज भरले, तर पुढचे सगळे मेसेज स्वयंसेवकाला येतील आणि मतदाराला काहीच कळणार नाही.

कागद गोळा करून ठेवू नका. आधारच्या झेरॉक्स, फोन नंबर, जन्मतारखा यांची वही एखाद्या प्रचार कार्यालयासाठी सोन्याच्या मोलाची असते. ती तयारच केली नाही तर ती कोणाच्या हाती पडण्याचा प्रश्न येत नाही.

दुसऱ्याच्या नावावर फॉर्म ७ भरण्याच्या मोहिमा चालवू नका. मृत किंवा स्थलांतरित मतदारांची माहिती बीएलओला देणं ठीक. पण ऐकीव माहितीवर हरकती घेतल्या तर खऱ्या मतदाराला आपण इथेच राहतो हे सिद्ध करत फिरावं लागतं.

‘कोणाला देऊ?’ या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. हा प्रश्न येतोच. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कुठे बघायचं ते दाखवणं, ‘नोटा’ हा पर्याय २०१३ पासून आहे हे सांगणं, एवढ्यावर थांबायचं.

उमेदवाराची गाडी, चहा, मंडप घेऊ नका. मतदारांची ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. स्वयंसेवकाच्या हेतूबद्दल शंका यायला एक स्टिकर पुरेसा असतो.

पैसे घेऊ नका. नोंदणी मोफत आहे.

नाव गायब झालं असेल तर?

नाव वगळण्यापूर्वी संबंधित मतदाराला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी देणं अपेक्षित असतं. अर्ज नाकारला किंवा नाव वगळलं, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. मुदत कमी असते, म्हणून नाव नाही हे लवकर कळणं महत्त्वाचं.

बिहारचं अलीकडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे २०२५ मध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला या नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितली. नावं काढणं योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. सामान्य माणसासाठी त्यातला धडा सोपा आहे : प्रारूप यादी आणि अंतिम यादी यांच्यामधल्या दिवसांतच दुरुस्ती सोपी असते. याच दिवसांत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर किंवा ग्रामपंचायतीत बसून दहा घरांची नावं वाचणारा स्वयंसेवक सर्वात उपयोगी पडतो.

मतदानाच्या दिवशी काय माहीत हवं?

- मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला.
- तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागता येतं. ते वेगळ्या मतपत्रिकेवर नोंदवलं जातं.
- लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी खासगी कंपनीतल्या कामगारालाही पगारी सुट्टीचा कायद्याने हक्क आहे.
- लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाचा पर्याय आहे. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत फॉर्म १२ड द्यावा लागतो.
- महापालिकेला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. नाशिकच्या ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडले जातात. २९ प्रभागांत चार जागा, दोन प्रभागांत तीन. प्रत्येक जागेसाठी एक मत. ज्येष्ठांना आणि नवमतदारांना हे आधी समजावून सांगितलं तर केंद्रावर गोंधळ होत नाही.

या सगळ्याने टक्का वाढतो का?

२०२४ च्या लोकसभेला नाशिक मतदारसंघात ६०.७५ टक्के मतदान झालं. त्याच दिवशी, २० मे रोजी, शेजारच्या दिंडोरीत ६६.७५ टक्के. एकाच जिल्ह्यात सहा टक्क्यांचा फरक. ‘शहरी लोक उदासीन’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण टक्केवारी काढताना भागाकार यादीतल्या एकूण नावांनी होतो. जुना पत्ता सोडून गेलेले, वारलेले, दोनदा नोंदलेले, असे सगळे त्या आकड्यात असतात. आणि ज्यांचं नावच यादीत नाही, ते त्या हिशेबात येतच नाहीत. त्यामुळे यादी नीट करणं हे टक्का वाढवण्याच्या आधीचं काम आहे.

हे काम करायला मोठी संस्था लागत नाही. एक इमारत, एक वर्ग किंवा एक वस्ती निवडा. मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या ॲपवर प्रत्येकाने स्वतःचं नाव स्वतः शोधावं, तुम्ही शेजारी बसा. ऑनलाइन जमत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर विचारा आणि आपल्या भागातल्या बीएलओचं नाव माहीत करून घ्या. नाव सापडलं तर पत्ता आणि फोटो बरोबर आहे का ते पाहा. सापडलं नाही तर आधी ‘पूर्वी कुठे राहत होता?’ हे विचारा आणि मगच फॉर्म ६ की फॉर्म ८ ते ठरवा. अर्जाचा संदर्भ क्रमांक अर्जदाराच्याच फोनमध्ये किंवा वहीत लिहून द्या. महिन्याभराने पुन्हा त्याच दारात जा आणि नाव लागलं का ते विचारा.

बहुतेक मोहिमा ही शेवटची फेरी गाळतात. अर्ज भरल्याचा फोटो निघतो, पण नाकारलेला अर्ज कुणालाच दिसत नाही आणि ते कळतं थेट मतदान केंद्रावर. निवडणूक जाहीर नसलेले महिने या कामासाठी सगळ्यात चांगले. तेव्हा बीएलओला वेळ असतो, चुका सुधारायला मुदत असते आणि दारात आलेला माणूस कोणाचा प्रचार करायला आलाय, अशी शंकाही कोणाला येत नाही.